प्राथमिक वर्गात कृतीतून शिकणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईतले शिक्षक नि पालक मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. पहिली ते चौथीचे वर्ग डोळ्यांसमोर ठेवले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कृतीतून शिकणं म्हणजे कागदाच्या होड्या, मातीकाम, रंगकाम, हेच ना?

होडी करणं ही झाली हस्तकला, आणि तीही हवीच. पण होडी पाण्यावर सोडून "कितव्या चिंचोक्याला बुडेल?" असं विचारलं, प्रत्येकाचा अंदाज फळ्यावर लिहिला, एकेक चिंचोका टाकून पाहिला, मग रुंद तळाची होडी करून पुन्हा तेच केलं आणि फरक का पडला यावर मुलं भांडली, की शिकणं सुरू झालं. मी दोनच गोष्टी बघते. कृतीच्या आधी मुलांना उत्तर माहीत नसलेला प्रश्न होता का? कृतीनंतर मुलं त्यावर बोलली का? आधी हात, मग तोंड, मग वही, असा क्रम. मधलं तोंड गाळलं तर हाती फक्त पसारा उरतो, आणि वेळ कमी पडला की आपण नेमकं तेच गाळतो.

२. हे नवीन फॅड आहे का? आम्ही तर पाढे घोकूनच शिकलो.

नवीन मुळीच नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे अनुताई वाघांच्या साथीने ते कोसबाडला नेलं. हा सगळा भाग तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. पालघर वेगळा झाला २०१४ मध्ये. आदिवासी पाड्यावर विकतची साधनं कुठून येणार? बिया, खडे, शिंपल्या, पानं यांवरच त्यांनी काम केलं. गुरं राखणाऱ्या मुलांना शाळेत येता येईना, तेव्हा शाळाच कुरणात नेली. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने आणि २०२१ मध्ये सुरू झालेल्या, पायाभूत वाचन-गणितासाठीच्या निपुण भारत अभियानाने याला सरकारी भाषा दिली, इतकंच.

पाढ्यांचं म्हणाल तर पाठ हवेतच. फक्त सात त्रिक एकवीस म्हणजे सातच्या तीन रांगा, हे झाकणं मांडून एकदा दिसलेलं असलं की पाढा विसरला तरी मूल तो पुन्हा उभा करू शकतं.

३. साहित्य कोणतं आणायचं? बजेट जवळपास शून्य आहे.

चिंचोके, बाटल्यांची झाकणं, आइसक्रीमच्या काड्या किंवा खराट्याचे हीर, रबरं, सुतळी, जुनी कॅलेंडरं, खेळण्यातल्या नोटा, दोन-तीन शिवणकामाच्या टेप. एवढ्यावर वर्षभराचं गणित निघतं. झाकणं पालकांकडून मागवा, आठवड्याभरात नको म्हणायची वेळ येते. विकत घ्यायचीच असेल तर शंभर मण्यांची गणितमाळ घ्या, दहा-दहा मण्यांना रंग बदलणारी. मात्र लाल-हिरवी जोडी नको. काही मुलांना, त्यातही मुलग्यांना, हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. निळा-पिवळा घ्या.

थर्माकोल आणू नका. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. शाळेच्याच प्रदर्शनात तो दिसावा, हे बरं नाही.

४. वर्गात ४५ मुलं, खोली लहान, आणि दुपारी तिथेच दुसरं अधिवेशन भरतं. कसं जमवायचं?

प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक असं शिक्षण हक्क कायदा सांगतो; पण तुमच्यासमोर आज ४५ बसली आहेत, तेव्हा त्यांचंच बोलू. सगळ्यांना एकाच वेळी साहित्य देऊ नका. वर्गाचे तीन भाग करा. पंधरा मुलं पाच-पाचच्या गटात साहित्य घेऊन तुमच्याजवळ, पंधरा वहीतल्या कामाला, पंधरा वाचनाला. तिन्ही भाग एकाच तासिकेत फिरवायचा हट्ट धरू नका, दोन दिवस लागू द्या. यामुळे साहित्याचे नऊऐवजी तीनच संच लागतात, आणि पंधरा मुलांचं बोलणं खरोखर ऐकू येतं.

खोली वाटून घ्यावी लागत असेल तर भिंतीवर काही राहील या भरवशावर राहू नका. प्रत्येक गटाला झाकणाचा एक डबा द्या. झाकणाच्या आत काय काय नि किती, ते चिकटवा. दर आठवड्याला एक मूल सामानप्रमुख. शेवटची पाच मिनिटं मोजून परत ठेवायची. शंभरातली तीन झाकणं कुठे गेली हे शोधताना जी वजाबाकी होते, ती फुकटची.

५. फार गोंगाट होतो. शेजारच्या बाई तक्रार करतात.

बाईंचं बरोबर आहे. साहित्य वाजतं म्हणून गटाखाली जुनी चादर किंवा पोतं अंथरा, निम्मा आवाज तिथेच जातो. उरलेला बोलण्याचा आवाज तुम्हाला हवा आहे. वेळापत्रकात तुमचा कृतीचा तास आणि त्यांचा कविता पाठांतराचा तास एकाच वेळी ठेवला तर हिशोब चुकता.

६. हातच्याची वजाबाकी कितीही वेळा शिकवली तरी चुकते. कोणती कृती करू?

५२ − २७ घ्या. ज्या मुलाने ३५ लिहिलं आहे, त्याने ७ मधून २ वजा केले. मोठ्यातून लहान काढायचं, एवढंच त्याने धरून ठेवलं आहे. त्याला पुन्हा "शेजाऱ्याकडून हातचा घे" सांगून उपयोग नाही. शेजारी कोण नि तो का देतो, हेच त्याला दिसलेलं नाही.

दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे रबर लावून द्या आणि दोन सुट्ट्या काड्या. मग म्हणा, "मला सत्तावीस दे." मूल दोन गठ्ठे देतं, मग सुट्ट्यांकडे बघतं आणि म्हणतं, "बाई, दोनच आहेत!" इथे गप्प बसायचं. अगदी जिभेवर आलं तरी सांगायचं नाही. थोड्या वेळाने कुणीतरी गठ्ठ्याचं रबर काढतं. आता सुट्ट्या बारा झाल्या, त्यांतल्या सात दिल्या, पाच उरल्या. गठ्ठे दोन उरले. पंचवीस. मग विचारा, "रबर काढल्यावर काड्या वाढल्या की कमी झाल्या?" वर्गात दोन तट पडतात. मोजून बघू द्या.

फळ्यावरची मांडणी यानंतर. ५ वर काट मारून ४ लिहिताना म्हणायचं, "हा आपण सोडलेला गठ्ठा." काही दिवस काड्या आणि वही शेजारी-शेजारी चालू द्या.

खरी अडचण ४००−१३६ ला येते, कारण शेजारीही रिकामाच, तिथेही शून्य. इथे काड्या सोडून नोटा घ्या. शंभरच्या चार नोटा हातात, दुकानदाराला १३६ द्यायचे, त्याच्याकडे सुट्टे नाहीत. शंभराचे दहा-दहा, मग दहाचे एकेक, अशी मोड मुलं स्वतःच मागतात. वाशीच्या मार्केटात आईबरोबर गेलेल्याला तर ते सांगावंही लागत नाही.

७. साहित्य किती दिवस द्यायचं? सवय लागली तर परीक्षेत काय करतील? आणि बोटांवर मोजू द्यायचं का?

काढून घेऊ नका, मुलांनाच टाकून देऊ द्या. मधली पायरी मात्र मुद्दाम ठेवा: साहित्य टोपलीखाली झाकायचं आणि "आत काय दिसतंय ते चित्र काढ" म्हणायचं. गठ्ठ्यासाठी उभी रेघ, सुट्ट्यासाठी ठिपका. चित्र जमलं की काड्यांची गरज संपत आलेली असते. चौथीतही एखाद्याला लागत असतील तर त्याच्या दप्तराच्या कप्प्यात गुपचूप असू द्या. बोटांचंही तेच. दुसरीपर्यंत खुशाल. तिसरीत ८ + ७ ला प्रत्येक वेळी एकापासून मोजत असेल तर बोटं बंद करण्यापेक्षा ८ ला दहा करून घ्यायला शिकवा, गणितमाळेवर ते चटकन दिसतं.

८. संख्यारेषेवर माझी मुलगी नेहमी एक जास्त मोजते. का?

कारण ती खुणा मोजते आहे, उड्या नाहीत. ही चूक जवळपास प्रत्येक वर्गात सापडते आणि आपल्याकडे तिच्यावर औषध रोज धावतं. ठाणे-वाशी लोकलची स्टेशनं जमिनीवर खडूने काढा: ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. तिला ऐरोलीवर उभी करा. "तुर्भेला जायला गाडी किती वेळा पुढे सरकेल?" बसून मोजलं तर ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे असे पाच म्हणेल. चालून बघितलं तर चारच पावलं पडतात. "ऐरोलीला तर मी होतेच ना!" हे तिच्याच तोंडून आलं पाहिजे.

नंतर नावांच्या खाली ० ते ८ लिहा. मागे चाललं की वजाबाकी. ३ मधून ५ वजा करायला निघालेला एखादा ठाण्याच्याही पलीकडे जाऊन उभा राहतो आणि "आता कुठे?" विचारतो. उत्तर पुढच्या इयत्तांत आहे, पण प्रश्नाला शाबासकी द्या.

९. पावसाळ्यात मैदान बंद असतं. परिसर अभ्यासात काय घेता येईल?

पाऊसच घ्या, तो एरवी कुठे मिळतो! सरळ भिंतींचा एक रुंद डबा आणि एक अरुंद ग्लास गच्चीवर किंवा मोकळ्या जागी, झाडापासून आणि भिंतीपासून दूर ठेवा. आधी अंदाज: कशात पाण्याची उंची जास्त असेल? बहुतेक मुलं डबा म्हणतात, काही हुशार ग्लास म्हणतात. दुसऱ्या दिवशी पट्टी लावली की दोन्हींत उंची सारखीच निघते. डब्यात पाणी जास्त पडलं खरं, पण ते पसरलंही जास्त जागेवर. पाऊस मिलिमीटरमध्ये का मोजतात याचं उत्तर इथे आहे, आणि ते पुस्तकातल्या व्याख्येने कधीच पोचत नाही. शीतपेयाची बाटली वापरलीत तर तिचा तळ खाचांचा असतो. खडे टाकून सरळ भागापर्यंत पाणी भरा आणि तिथे शून्याची खूण करा.

रोजच्या नोंदीचा स्तंभालेख जून ते सप्टेंबर भिंतीवर वाढत जाऊ द्या. भिंत नसेल तर कार्डशीटवर. आणि एकदा हे करा: २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ केंद्रावर २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. भिंतीवर जमिनीपासून ९४४ मिलिमीटरवर रेघ मारा आणि तिसरीच्या मुलांना शेजारी उभं करा. रेघ छातीच्या आसपास येते. वर्ग गप्प होतो, मग घरी जाऊन आजी-आजोबांना त्या दिवसाबद्दल विचारायचं काम कुणाला सांगावं लागत नाही.

१०. "दुपारी बारा वाजता सावली सर्वांत लहान" असं शिकवलं. मुलांनी मोजली तर तसं आलं नाही. कुठे चुकलं?

मोजणी बरोबर आहे, मुलांचं कौतुक करा. आपली घड्याळं ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेली आहेत आणि ठाणे आहे साधारण ७३ अंशावर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य आपल्या माथ्याजवळ सुमारे ३८ मिनिटं उशिरा येतो. त्यामुळे सर्वांत लहान सावली साडेबाराच्या पुढेमागे मिळते, महिन्याप्रमाणे थोडी सरकते. बारा ते एक दर दहा मिनिटांनी काठीच्या सावलीचं टोक खडूने खुणवा.

शून्य सावलीचा दिवस आपल्याकडे वर्षातून दोनदा येतो, मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला. एक सुट्टीत जातो, दुसरा ढगात. मेमधला घरच्या गच्चीवर करायला द्या. सूर्याकडे थेट बघायचं नाही, हे मात्र आधी सांगा.

११. प्रयोग फसला तर मुलांसमोर काय सांगायचं?

जे झालं तेच. मुगाचं उदाहरण घ्या. रात्रभर भिजवलेले मूग चार वाट्यांत: एक ओल्या फडक्यात उजेडात, एक ओल्या फडक्यात कपाटाच्या अंधारात, एक पूर्ण पाण्यात बुडवलेली, एक भिजवून पुन्हा कोरडी ठेवलेली. अंधारातल्या वाटीला मोड येणार नाहीत असं मुलं छातीठोक सांगतात, आणि तिथे मस्त मोड येतात. हा प्रयोग फसलेला नाही; रुजायला उजेड लागत नाही, पुढे हिरवं व्हायला लागतो. बुडवलेल्या वाटीला वास सुटला तर हवा न मिळाल्याचं बोला आणि फेकून द्या. वर्गातले मोड खायचे नाहीत.

१२. धान्य, डाळी वापरल्या तर "अन्नाची नासाडी" म्हणून पालक नाराज होतात.

त्यांच्याशी वाद घालू नका. ज्या वस्तीत महिनाअखेरीला डाळ मोजून शिजते, तिथल्या मुलाला डाळ चिकटवायला सांगणं मलाही पटत नाही. रुजवण्यासाठी मूठभर चालतं. मोजायला चिंचोके, चिकटवायला पानं, वजन करायला वाळू.

१३. वर्गात तेलुगू, हिंदी, बंजारा बोलणारी मुलं आहेत. सूचनाच कळत नाहीत.

सूचना देऊ नका, करून दाखवा. एका गटाला मध्ये बसवा, बाकीचे भोवती. कृतीच्या तासाला ही मुलं पहिल्यांदा पुढे येतात, कारण गठ्ठा सोडायला भाषा लागत नाही. बोलणं मात्र त्यांच्या भाषेत होऊ द्या, दुभाषी वर्गातच मिळतो. नंतर एक-दोन मराठी वाक्यं सगळ्यांनी मिळून म्हणायची: "मी गठ्ठा सोडला. बारा झाल्या." आगरी बोलणाऱ्या मुलांच्या वाक्यांना तिथल्या तिथे दुरुस्त करत बसू नका.

१४. वहीत काहीच नसतं. शाळेत नुसतं खेळतात का?

पालकांचा सर्वांत जास्त येणारा प्रश्न, आणि रास्तही. वही कोरी असेल तर प्रश्न १ मधली तिसरी पायरी राहिली आहे, तसं शिक्षकांना स्पष्ट विचारा. कृतीच्या दिवशी वहीत तीन ओळी पुरतात: मला काय वाटलं होतं, काय झालं, का झालं असेल. पहिलीतल्या मुलाने चित्र काढलं तरी चालेल. घरी "आज काय लिहिलंस?" ऐवजी "आज कशावरून भांडलात?" विचारून बघा.

१५. याला गुण कसे द्यायचे?

२०१० पासूनच्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात याची सोय आहे. आकारिक, म्हणजे शिकता शिकता होणाऱ्या, मूल्यमापनात निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प ही साधनं धरलेलीच आहेत. गुण वस्तूच्या देखणेपणाला नकोत. एका तासाला पाचच मुलं नीट बघा आणि एकेक ओळ नोंदवा: "अंदाज बदलला, कारण सांगितलं." सगळ्या ४५ जणांच्या नोंदी एका दिवसात करायला गेलं की मग "उपक्रमात उत्साहाने भाग घेतो" हे एकच वाक्य सगळ्यांना चिकटतं.

१६. प्रकल्प शेवटी आईवडीलच करतात किंवा दुकानातून आणतात. आणि दिवाळीतला किल्ला प्रकल्प म्हणून चालेल का?

घरी द्यायचा प्रकल्प मी जवळपास बंदच केला. स्टेशनबाहेरच्या स्टेशनरीच्या दुकानात ज्वालामुखीपासून सौरमालेपर्यंत तयार मिळतं, आणि कामावरून रात्री नऊला घरी येणाऱ्या पालकाने ते घेतलं तर मी त्यांना दोष देत नाही. काम शाळेत करून घ्या.

किल्ल्याची गोष्ट मात्र वेगळी. तो मुलं मनापासून करतात आणि चौथीला शिवरायांचा इतिहास आहेच. किल्ल्यावर चित्रं-खेळणी मांडून झाली की एक तांब्या पाणी माथ्यावरून हळूहळू ओता. पाणी कुठून उतरतं, कुठे साचतं, माती कुठे वाहून जाते? मग "टाकं कुठे खोदाल? दरवाजा कुठे ठेवाल, म्हणजे चढून येणारा वरून दिसेल?" पुढच्या तासाला वरून दिसणारा किल्ला कागदावर काढायचा. नकाशाची सुरुवात यापेक्षा चांगली होत नाही. सोसायटीत अंगण नसलेल्यांनी शाळेत गटाने, परातीत किल्ला करावा.

१७. फ्लेमिंगो बघायला तिसरीच्या मुलांना न्यावं का?

न्यावं, पण आधी वर्गात तयारी करून. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आला. ऐरोलीला वनखात्याचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. पक्षी साधारण हिवाळ्यापासून मेपर्यंत असतात. भरती-ओहोटीची वेळ बघूनच दिवस ठरवा. ओहोटीला चिखल उघडा पडतो, तेव्हा ते चरतात.

जाण्याआधी परातीत गढूळ पाणी आणि त्यात मोहरी टाका. मुलांना चिमटा, चमचा आणि चहाची गाळणी द्या: एका मिनिटात कुणाला जास्त मोहरी मिळते? फ्लेमिंगोची चोच गाळणीसारखं काम करते, आणि ती तो उलटी धरून वापरतो. हे करून गेलेलं मूल तिथे "किती गुलाबी!" म्हणून थांबत नाही, डोकं कसं खाली घातलंय ते बघतं. पालकांचं संमतिपत्र आणि दहा मुलांमागे निदान एक मोठं माणूस, यात तडजोड नको. सहल जमलीच नाही तर गाळणीचा तास तरी घ्याच.

१८. एक मूल चिखलाला, डिंकाला हातच लावत नाही. दुसऱ्याला नीट दिसत नाही. त्यांना बाजूला बसवू का?

बाजूला कुणालाच नको. ओल्या-चिकट स्पर्शाचा काही मुलांना खरोखर त्रास होतो, तो हट्ट नसतो. चमचा द्या, हातमोजा द्या, वेळ मोजायचं किंवा नोंदीचं काम द्या. महिन्याभराने कदाचित एक बोट लावेल. कमी दिसणाऱ्या मुलाला प्रश्न ६ मधले गठ्ठे फळ्यापेक्षा जास्त कळतात. त्याच्यासाठी रंगांऐवजी खरखरीत-गुळगुळीत असा फरक ठेवा.

१९. कोणत्या वस्तू वर्गात आणूच नयेत?

घड्याळातले बटणसेल आणि छोटे जोरदार चुंबकाचे गोळे. हे गिळले गेले तर तासाभरात आतून इजा सुरू होऊ शकते, वाट न बघता रुग्णालय गाठावं लागतं. विजेचा धडा पेन्सिल सेल आणि टॉर्चच्या बल्बवर. भिंतीतल्या प्लगशी काहीही नाही. पहिली-दुसरीत काडेपेटी नको. शेंगदाण्याची ॲलर्जी कुणाला आहे का, हे जूनमध्येच पालकांना विचारून ठेवा.

२०. कृतीने शिकवूच नये असं काही आहे का?

आहे. रस्ता ओलांडणं शाळेच्या आवारात खडूने रस्ता काढून शिकवा, घोडबंदर रोडवर नेऊन नव्हे. आणि नाट्यीकरणात जपा: पाणवठ्यावरचा अन्याय "अनुभवावा" म्हणून वर्गातल्या एखाद्या मुलाला पाणी नाकारलं जाण्याचा प्रसंग बसवला जातो. ज्याच्या घरी हे खरंच घडलेलं आहे, ते मूल त्याच वर्गात बसलेलं असू शकतं. अशा धड्याला गोष्ट वाचावी, मुलांना बोलू द्यावं, आणि कुणाला बोलायचं नसेल तर विचारू नये.